शिदोरी दोन भाषांची

मुलांनो, आज तुम्ही शाळेत कसे आलात? काही जण पायी आले असतील, काही सायकलवर. द्वारका, शालिमार, सारडा सर्कल या बाजूंनी येणारे काही जण रिक्षाने आले असतील. 'रिक्षा' हा शब्द कोणत्या भाषेतला आहे, हे कोणाला सांगता येईल का? उर्दूत आपण 'रिक्शा' म्हणतो, मराठीत 'रिक्षा' म्हणतो. पण हा शब्द दोन्ही भाषांचा नाही. तो जपानी आहे. मूळ शब्द 'जिनरिकिशा'. 'जिन' म्हणजे माणूस, 'रिकी' म्हणजे शक्ती आणि 'शा' म्हणजे गाडी. माणसाच्या शक्तीने चालणारी गाडी ती जिनरिकिशा. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी जपानमध्ये ही हातगाडी निघाली. पुढे ती आशियाभर पसरली, तिचे नावही तिच्याबरोबर गेले आणि वाटेत झिजून 'रिक्षा' झाले. आज तिला माणूस ओढत नाही, इंजीन ओढते. नाव मात्र तेच राहिले.

'त्सुनामी' हा शब्दही जपानीच. मोबाइलवर तुम्ही हसरे-रडके चेहरे पाठवता, त्यांचे 'इमोजी' हे नावही जपानी आहे. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. म्हणजे थोडीशी जपानी तुमच्या तोंडात आधीपासूनच आहे.

पण ही भाषा शाळेत बसून रीतसर शिकायची म्हटली, तर तुम्ही काय म्हणाल? "सर, उर्दू आहे, मराठी आहे, हिंदी आहे, इंग्रजी आहे. एवढ्यातच दम निघतो. आता जपानी कशाला?" आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणेल, "जपानी आपल्यासाठी नाही, ती मोठ्या शहरांतल्या मोठ्या शाळांसाठी!" पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा लांब आहे. म्हणून दुसऱ्याचे आधी देतो. त्यासाठी आपल्याला नाशिकहून मराठवाड्यातल्या एका खेड्यात जावे लागेल.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर गाडीवाट नावाचे गाव आहे. तिथे जिल्हा परिषदेची शाळा आहे. २०१९ साली या शाळेने चौथी ते आठवीच्या मुलांना विचारले, 'तुम्हांला कोणती परदेशी भाषा शिकायला आवडेल?' गुरुजींना वाटले नव्हते असे उत्तर आले. बहुतेक मुलांनी 'जपानी' सांगितले. का? तर त्यांना रोबो कसे बनवतात ते शिकायचे होते आणि रोबोंच्या कामात जपान पुढे आहे, हे त्यांनी ऐकले होते. आता गाडीवाटेत जपानी शिकवणार कोण? गावाला धड रस्ता नव्हता. मात्र इंटरनेट होते. शहरातल्या एका जपानी जाणणाऱ्या गृहस्थांना ही गोष्ट कळली आणि २०२० च्या जुलैपासून ते संगणकाच्या पडद्यावरून या मुलांना शिकवू लागले. तो टाळेबंदीचा काळ होता, शाळा बंद होत्या.

सगळ्यांच्या घरी मोबाइल नव्हते. त्यावर मुलांनी आणि शिक्षकांनी उपाय काढला. ज्याच्या घरी मोबाइल होता तो धडा ऐकायचा आणि मग आपल्या सोबत्यांना शिकवायचा. अशा मुलाला ते 'विषयमित्र' म्हणत. किती छान शब्द आहे! त्या वर्षी शाळेतली सुमारे ७० मुले जपानी शिकत होती. 'आपल्यासाठी नाही' म्हणणाऱ्या मित्राने गाडीवाटेतल्या या मुलांचा विचार करावा. त्यांच्या शाळेची फी मोठी नव्हती, इमारतही मोठी नव्हती.

गंमत अशी, की जपानकडून काही शिकावे हा विचार या भागात नवा नाही. पूर्वी औरंगाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाचे शिक्षणाधिकारी सर रॉस मसूद १९२२ साली जपानला गेले. सर सय्यद अहमद खान यांचे हे नातू. जपानच्या शाळा कशा चालतात हे त्यांनी बारकाईने पाहिले आणि १९२३ मध्ये त्यावर मोठे पुस्तक प्रसिद्ध केले. जपानी लोक विज्ञान, वैद्यक, यंत्रशास्त्र हे सारे आपल्याच भाषेत शिकतात, ही गोष्ट त्यांना फार महत्त्वाची वाटली. हैदराबादेत तेव्हा उस्मानिया विद्यापीठ नुकतेच सुरू झाले होते आणि तेथील शिक्षणाची भाषा उर्दू होती.

याच्याही आधी जपानमध्ये उलट दिशेने एक वर्ग भरत होता. १९०९ साली भोपाळचे मौलवी बरकतुल्ला टोकियोला गेले आणि तिथल्या परदेशी भाषांच्या शाळेत जपानी मुलांना हिंदुस्थानी भाषा शिकवू लागले. ते मोठे देशभक्त होते. इंग्रजांविरुद्ध लिहीत, बोलत. १९१४ मध्ये त्यांची ती नोकरी गेली. पण तिथे उर्दूचे रोप लागले ते लागलेच. गामो रेइइची नावाच्या जपानी प्राध्यापकांनी पुढे 'बाग-ओ-बहार' जपानीत आणले. आजही टोकियो आणि ओसाका येथील विद्यापीठांत उर्दूचे विभाग आहेत. तिकडची मुले वाकून वाकून 'जीम' आणि 'चे' यांचे टिंब मोजत असतील, तेव्हा त्यांनाही वाटत असेल, 'एवढी अवघड भाषा!'

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. एवढ्या भाषा असताना आणखी एक कशाला? माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. एवढ्या भाषा येतात म्हणूनच आणखी एक सोपी जाते. प्रवासाला निघताना आपण शिदोरी बांधून घेतो ना? तुमच्याकडे उर्दूची एक शिदोरी आहे आणि मराठीची दुसरी. कोणत्या शिदोरीत काय आहे ते उघडून पाहू.

हे वाक्य वाचा: 'वाताशी वा गाक्को दे होन ओ योमिमासु.' घाबरू नका. 'वाताशी' म्हणजे मी. 'गाक्को' म्हणजे शाळा. 'होन' म्हणजे पुस्तक. 'योमिमासु' म्हणजे वाचतो किंवा वाचते. मराठीत म्हणू, 'मी शाळेत पुस्तक वाचतो.' उर्दूत म्हणू, 'मैं स्कूल में किताब पढता हूँ.' शब्दांचा क्रम पाहा. तिन्ही भाषांत आधी मी, मग शाळा, मग पुस्तक आणि सर्वांत शेवटी क्रियापद. इंग्रजीत मात्र 'वाचतो' हा शब्द 'मी' नंतर लगेच येतो आणि शाळा जाते शेवटी. इंग्रज माणसाला जपानी शिकताना सगळे वाक्य उलटे करावे लागते. तुम्हांला काही उलटावे लागत नाही.

आणखी एक पाहा. 'घर' शब्दाला 'त' लावला की मराठीत 'घरात' होते, पण 'शाळा' चे 'शाळेत' होते आणि 'मुलगा' चे 'मुलाला' होते. शब्दाचे रूप आतून बदलते. परीक्षेत तुमचे गुण इथेच जातात, हे तुम्हांलाही ठाऊक आहे आणि मलाही. उर्दूत 'में', 'से', 'को' हे शब्द वेगळे उभे राहतात. 'स्कूल में', 'घर में', 'बाजार में'. या नामांचे रूप तसेच राहते. जपानीतही असेच आहे: 'गाक्को दे', शाळेत. 'का' साठी जपानीत 'नो' आहे. 'नाशिक नो गाक्को' म्हणजे नाशिकची शाळा. (गुजराती शेजाऱ्याला हे सांगा, तो हसेल, त्याच्या भाषेतही 'नो' आहे.) शिवाय चा, ची, चे, च्या किंवा का, के, की असा भेद तिथे नाही. कारण जपानीत नामांना लिंगच नसते. 'ते टेबल' की 'तो टेबल' हा वाद तिथे होत नाही!

हे झाले उर्दूचे देणे. मराठी काय देते? प्रश्न विचारायचा असेल तर जपानीत वाक्याच्या शेवटी 'का' लावतात. 'होन ओ योमिमासु का?' मराठीत आपण काय म्हणतो? 'पुस्तक वाचतोस का?' अगदी तोच 'का', अगदी त्याच जागी. उर्दूतला 'क्या' बहुधा वाक्याच्या सुरुवातीला येतो. म्हणून इथे मराठी धावून येते. आपण 'आज ऊन आहे ना?' म्हणतो, तसे जपानी माणूस शेवटी 'ने' म्हणतो. हा केवळ योगायोग आहे. मराठी आणि जपानी यांचे काही नाते नाही. पण योगायोगाने पाठांतर वाचत असेल तर तो कोणाला नको आहे?

यापुढची गोष्ट मात्र योगायोगाची नाही. जपानी मुले आपली अक्षरे अशी म्हणतात: 'अ, इ, उ, ए, ओ, का, की, कु, के, को'. ही तर बाराखडी झाली! ओळींचा क्रमही ओळखीचा आहे: क, स, त, न, ह, म, य, र, व. आपल्या मराठी वर्णमालेत क, च, त, न, प, म, य, र, व हाच क्रम आहे. जपानी भाषेत जुन्या काळी 'ह' च्या जागी 'प' सारखा उच्चार होता, तो पुढे बदलला. हा क्रम तिकडे गेला तो बौद्ध भिक्षूंबरोबर. ते धर्मग्रंथांसाठी संस्कृतची अक्षरे शिकत आणि त्या अक्षरांच्या क्रमाचा ठसा त्यांनी जपानी अक्षरांवर उमटवला. म्हणून ज्याने पहिलीत क, का, कि, की घोकले त्याला जपानी कोश उघडताना क्रम नवा वाटत नाही. 'अलिफ, बे, पे' वरून तिथे पोहोचता येत नाही.

पण तोच जपानी कोश किंवा गोष्टीचे पुस्तक हातात घ्या. मराठी शाळेतला तुमचा मित्र ते डावीकडून उघडेल आणि त्याला शेवटचे पान दिसेल. तुमचा हात मात्र आपोआप बरोबर बाजूला जाईल. जुन्या पद्धतीने छापलेली जपानी पुस्तके उर्दू पुस्तकांसारखी उजवीकडून उघडतात. ओळी वरून खाली लिहितात आणि पहिली ओळ उजव्या कडेला असते. गणित-विज्ञानाची पुस्तके आडव्या ओळींत, डावीकडून उजवीकडे छापतात. म्हणजे जपानी मुलांना दोन्ही दिशांची सवय असते. तुम्हांलाही आहे. रोज उर्दूच्या तासानंतर मराठीचा तास झाला की तुम्ही डोळ्यांची दिशा बदलता, आणि यात काही विशेष आहे असे तुम्हांला वाटतही नाही.

या सगळ्यांपेक्षा मला जास्त आवडते ती जपानी भाषेतली अदब. जपानीत मोठ्यांशी बोलताना क्रियापदच बदलावे लागते. मोठी व्यक्ती येते तेव्हा 'इरास्शाइमासु' म्हणायचे आणि आपण स्वतः येतो तेव्हा 'माइरिमासु' म्हणायचे. मोठी व्यक्ती बोलते तेव्हा 'ओस्शाइमासु', आपण बोलतो तेव्हा 'मोउशिमासु'. परदेशी विद्यार्थी इथे डोके धरून बसतात. पण तुमच्या घरी नाना-नानी कसे बोलतात ते आठवा. पाहुणे 'तशरीफ लाते हैं', आपण 'हाजिर होते हैं'. ते 'फर्माते हैं', आपण 'अर्ज करते हैं'. त्यांचे घर 'दौलतखाना', आपले घर 'गरीबखाना'. जपानी अदब हीच आहे: समोरच्याला वर ठेवायचे, स्वतःला खाली ठेवायचे. दुसऱ्याच्या नावापुढे 'सान' जोडतात, तो आपल्या 'साहेब' सारखा आहे. स्वतःच्या नावाला मात्र 'सान' कधीही लावत नाहीत. शिक्षकाला 'सेन्सेइ' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ 'आधी जन्मलेला' असा आहे. डॉक्टरांनाही तिथे सेन्सेइच म्हणतात.

ही अदब फक्त बोलण्यापुरती नसते. जपानी शाळेत मुले बाहेरचे बूट दारात काढतात आणि आतले वेगळे बूट घालतात. शाळा सुटण्याआधी किंवा जेवणानंतर ती स्वतःच झाडू आणि फडके घेऊन वर्ग पुसतात, जिनेही पुसतात. दुपारचे जेवण मुलेच पांढरे कपडे घालून एकमेकांना वाढतात. जेवणापूर्वी सगळे मिळून 'इतादाकिमासु' म्हणतात. 'हे मी नम्रपणे स्वीकारतो' असा त्याचा अर्थ. आपण बिस्मिल्लाह म्हणून जेवायला सुरुवात करतो, मराठी घरांतून श्लोक म्हणतात. त्यामुळे ही रीत आपल्याला परकी वाटत नाही. वर्ग पुसण्याची रीत मात्र आपल्याकडे यावी असे मला फार वाटते. आपल्या वर्गाच्या खिडकीखाली रोज काय काय पडलेले असते, ते तुम्ही जाणता.

मग जपानी अगदी सोपी आहे का? नाही. तसे सांगणारा माणूस तुम्हांला काहीतरी विकायला आलेला असतो. जपानीत तीन लिप्या एकत्र लिहितात. हिरागानाची ४६ आणि काताकानाची ४६ अक्षरे तुम्ही दोन-तीन महिन्यांत शिकाल. तिसरी लिपी कांजी. ही चीनमधून आली. तिच्यात अक्षरे नाहीत, चिन्हे आहेत आणि एका चिन्हाचा एक अर्थ असतो. झाडाचे एक चिन्ह काढले तर झाड. तेच दोनदा शेजारी काढले तर राई, तीनदा काढले तर जंगल. इथपर्यंत मजा वाटते. पण रोजच्या वापरासाठी ठरवून दिलेल्या कांजी २१३६ आहेत. जपानी मुलेसुद्धा प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १०२६ शिकतात. शिवाय एकच चिन्ह वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे वाचतात. डोंगराचे चिन्ह कधी 'यामा' असते, कधी 'सान'. 'फुजी-सान' म्हणजे फुजीसाहेब नव्हे, फुजी पर्वत!

संदर्भ पाहून वाचण्याची ही कला उर्दू वाचणाऱ्याला थोडी येते. जेर-पेश न लिहिता 'इस' आणि 'उस' सारखेच दिसतात. तरी तुम्ही अडखळत नाही, मागचे-पुढचे पाहून बरोबर वाचता. पण दोन हजार चिन्हांना रोजचा सरावच लागतो. त्याला दुसरी वाट नाही.

आकडे मात्र फार सोपे आहेत. एक ते दहा असे: इचि, नि, सान, योन, गो, रोकु, नाना, हाचि, क्यू, जू. पंचवीस म्हणायचे असेल तर 'नि-जू-गो', म्हणजे दोन-दहा-पाच. एकोणऐंशी म्हणजे 'नाना-जू-क्यू', सात-दहा-नऊ. मराठीत 'एकोणऐंशी' आणि उर्दूत 'उन्नासी' पाठ करताना ज्यांनी छड्या खाल्ल्या, त्यांना जपानी मुलांचा हेवा वाटेल.

ज्यांना खरोखर शिकायचे आहे त्यांच्यासाठी महाराष्ट्रात वाटा आहेत. पुणे हे जपानीच्या अभ्यासाचे जुने केंद्र आहे. तिथल्या विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ही भाषा शिकवतात आणि काही कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावी-बारावीला जपानी विषय घेता येतो. केंद्रीय मंडळाच्या शाळांत २००६ पासून सहावीपासून जपानी घेण्याची सोय झाली. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामा शहराच्या मैत्रीची खूण म्हणून जपानी पद्धतीची बाग केली आहे. तिला पु. ल. देशपांडे यांचे नाव दिले आहे. पु. लं.नी 'पूर्वरंग' या पुस्तकात आपल्या जपान प्रवासाचे वर्णन केले आहे. तुमचे मराठी थोडे पक्के झाले की ते जरूर वाचा.

भाषेची परीक्षा पाच पातळ्यांची असते. सर्वांत खालची 'एन ५' आणि सर्वांत वरची 'एन १'. पुणे आणि मुंबई येथे तिची केंद्रे आहेत. २०२१ साली भारत आणि जपान यांच्यात एक करार झाला. त्यानुसार वृद्धांची सेवा, शेती, बांधकाम अशा कामांसाठी अठरा वर्षांवरील तरुणांना जपानला जाता येते. त्यासाठी साधारण 'एन ४' इतकी भाषा आणि त्या कामाची परीक्षा असे दोन्ही लागते. 'तीन महिन्यांत जपानी, चौथ्या महिन्यात जपान' अशी पाटी कुठे दिसली, तर घरच्यांना घेतल्याशिवाय आत जाऊ नका आणि चौकशी केल्याशिवाय पैसे भरू नका.

अंबरनाथला वाढलेले योगेंद्र पुराणिक पुण्यात जपानी शिकले. पुढे ते नोकरीसाठी जपानला गेले आणि तिथेच स्थायिक झाले. २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा विभागातील लोकांनी त्यांना आपला प्रतिनिधी म्हणून निवडून दिले. २०२३ मध्ये ते इबाराकी प्रांतातील त्सुचिउरा येथील एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. आपल्याकडचा एक मराठी मुलगा जपानी मुलांचा सेन्सेइ झाला.

आता वहीचे एक पान घ्या आणि आपले नाव जपानी पद्धतीने लिहून पाहा. दोन नियम लक्षात ठेवा. जपानीत 'ल' नाही, त्याच्या जागी 'र' येतो. आणि 'न' सोडून कोणत्याही व्यंजनावर शब्द थांबत नाही, शेवटी स्वर जोडावा लागतो. म्हणून लतीफ होतो 'रातीफु', सलमा होते 'सारुमा'. नाशिकचे होते 'नाशिकु'. तुमचे काय होते?

शब्दार्थ

शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले खाणे, तोशा
झिजणे – घिसना
रीतसर – बाकायदा
टाळेबंदी – लॉकडाऊन
योगायोग – इत्तिफाक
घोकणे – रटना
ठसा – छाप, नक्श
राई – झाडांचा लहान समूह, झुंड
हेवा वाटणे – रश्क करना

स्वाध्याय

१. गाडीवाटच्या मुलांनी जपानी भाषा का निवडली?
२. 'विषयमित्र' कोणाला म्हणत? तुमच्या वर्गात तुम्ही कोणत्या विषयाचे विषयमित्र होऊ शकता?
३. जपानी शिकताना उर्दूचा उपयोग कोठे होतो आणि मराठीचा कोठे होतो, ते प्रत्येकी दोन उदाहरणे देऊन लिहा.
४. 'मी घरात पत्र वाचते' हे वाक्य उर्दूत लिहा. दोन्ही वाक्यांतील शब्दांचा क्रम तपासा.
५. पुढील शब्दांना 'त' प्रत्यय लावा: घर, शाळा, नदी, बाग, गाव.
६. उर्दूतील अदबीचे चार शब्द आजी-आजोबांना विचारून लिहा. त्यांसाठी मराठीत काय म्हणतात, ते शोधा.